१८० अंशांचा ओव्हन, ९८ अंशांचा केक

केकच्या जवळजवळ प्रत्येक पाककृतीत ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर लावायला सांगितलेले असते. ४० मिनिटांनी केक फुगून, वरून बदामी होऊन बाहेर येतो. त्याच क्षणी त्याच्या मध्यभागी थर्मामीटरची सुई खुपसली, तर आकडा दिसतो ९५ ते ९८. इतका वेळ १८० अंशांत राहूनही केकच्या पोटाने पाणी उकळण्याइतके तापमानसुद्धा गाठलेले नसते. दुसरीकडे, तापलेल्या ओव्हनच्या हवेत क्षणभर हात गेला तर नुसती झळ लागते; पण इडलीपात्राची १०० अंशांची वाफ बोटांवर आली की फोड उठतो.

नॉबवरचा आकडा, पदार्थाचे तापमान आणि मीटरवर पडणारी युनिटे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ओव्हनबद्दल घरोघरी पडणारे बहुतेक प्रश्न या तिघांची गल्लत झाल्याने पडतात.

पाणी संपेपर्यंत शंभरच

केकचे मिश्रण, बटाटा, वांगे, चिकन या सगळ्यांत भरपूर पाणी असते. पदार्थ तापू लागला की पृष्ठभागावरचे पाणी वाफ होऊन निघू लागते, आणि वाफ होताना पाणी प्रचंड उष्णता घेते. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ३१५ किलोजूल उष्णता लागते. तेच पाणी १०० अंशांवरच राहून पूर्ण वाफ व्हायला आणखी सुमारे २,२५७ किलोजूल, म्हणजे सातपटीहून जास्त उष्णता लागते. तापमान न वाढवता केवळ अवस्था बदलण्यात खर्च होणाऱ्या या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. ओव्हन कितीही तापलेला असो, पदार्थात पाणी आहे तोवर येणारी उष्णता ते पाणीच गिळत राहते आणि आतले तापमान १०० च्या पुढे सरकत नाही. इडलीपात्राच्या वाफेने भाजते तेही याचमुळे: वाफ बोटावर येऊन पुन्हा पाणी होते आणि साठवलेला सगळा अप्रकट उष्मा कातडीला देऊन टाकते. कोरड्या हवेकडे देण्यासारखे फारसे काही नसते.

मग केकला रंग कुठून येतो? पृष्ठभागाचा पातळ थर पूर्ण कोरडा झाला की त्या थरापुरती शंभराची अट सुटते. तो थर १४० अंशांच्या पुढे गेला की पिठातली, दुधातली, अंड्यातली प्रथिने आणि साखर यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे अनेक पदार्थ तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. उकडीचा मोदक कितीही वेळ वाफेवर ठेवला तरी पांढराच राहतो आणि तळणीचा मोदक काही मिनिटांत बदामी होतो, हा फरक वाफेचे १०० अंश आणि तेलाचे १७० अंश यांतला आहे.

ओव्हनचे तापमान निवडताना खरा प्रश्न असतो तो वेळेचा. आतला भाग शिजायला जेवढा वेळ लागेल, तेवढ्याच वेळात बाहेरचा थर हवा तसा रंगला पाहिजे. खारीला आत शिजण्यासारखे जाड काही नसते आणि तिच्या पदरांतल्या पाण्याची झटक्यात वाफ व्हावी लागते. तिला २०० ते २२० अंश मानवतात. नानकटाई फिकी आणि खुसखुशीत हवी, म्हणून १६० ते १७०. उंच भांड्यातल्या जाड केकला १८० सुद्धा कधी कधी जास्त होतात: वरचा भाग करपू लागतो आणि मधले मिश्रण अजून पातळच असते. अशा वेळी तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवून वेळ वाढवणे हाच इलाज. परदेशी पाककृतींतला ३५० हा आकडा फॅरनहाइटमधला असतो. सेल्सिअसमध्ये तो १७७ होतो.

*चौकट: तापमानाचे टप्पे (अंश सेल्सिअस)*

६० ते ७० : गव्हाच्या पिठातला स्टार्च पाणी घेऊन फुगतो, अंड्याचा पांढरा भाग घट्ट होऊ लागतो
७४ : चिकन आतून खाण्यास सुरक्षित
९५ ते ९८ : केक आणि पाव आतून तयार
१०० : समुद्रसपाटीला पाणी उकळते, इडली, ढोकळा, उकडीचे मोदक
१२० : शिट्टी होताना प्रेशर कुकरच्या आत
१४० च्या पुढे : रंग आणि खमंगपणा
१६० ते १९० : तळणीचे तेल
२६० च्या पुढे : नॉनस्टिक भांड्याचा थर बिघडू लागतो

उष्णता पोहोचते कशी

ओटीजीच्या, म्हणजे घरगुती ओव्हन-टोस्टर-ग्रिलच्या, तापलेल्या कॉइल लाल दिसतात. कोणतीही घन वस्तू अंधूक लाल दिसू लागते ती साधारण ५२५ अंशांना. म्हणजे नॉब १८० वर असला तरी कॉइल त्याच्या तिप्पट तापलेली असते. तिच्यापासून निघणारे उष्णतेचे किरण हवेची वाट न पाहता थेट पदार्थावर पडतात. पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये भाजण्याच्या कामाचा मोठा वाटा या किरणांचा असतो. ट्रे वरच्या खाचेत ठेवला की पदार्थ वरून लवकर करपतो, कारण हवा तीच असली तरी कॉइल जवळ आलेली असते. काळे भांडे हे किरण शोषून घेते आणि चकचकीत ॲल्युमिनियमचे भांडे ते परतवते. एकाच मिश्रणाचे दोन केक दोन भांड्यांत लावले तर काळ्या भांड्यातल्याची कड आधी गडद होते.

दुसरा मार्ग हवेचा. प्रत्येक पदार्थाभोवती स्थिर, दमट आणि तुलनेने थंड हवेचा पातळ थर असतो, आणि हवा उष्णतेची फार मंद वाहक असल्याने तो थर आडोशासारखा काम करतो. कन्व्हेक्शन ओव्हनचा पंखा हा थर सतत मोडत राहतो. बशीतल्या चहावर फुंकर घातली की चहा लवकर निवतो त्यातही हेच घडते. तिथे फुंकर गरम थर हाकलते आणि इथे पंखा थंड थर हाकलतो. यामुळे पंखा चालू असताना तेच काम १५ ते २० अंश कमी तापमानावर होते. मात्र या वाऱ्याने पृष्ठभाग लवकर वाळतो. भाज्या, टिक्का, बिस्किटे यांना ते चांगले. पातळ मिश्रणाच्या नाजूक केकची साय मात्र फुगण्याआधीच धरते आणि मग तो मध्यावर फुटतो. एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंख्याचा लहानसा कन्व्हेक्शन ओव्हनच. त्यात तळणे होत नाही, भाजणे होते.

तिसरा मार्ग ट्रेच्या तळातून थेट वहनाचा. पिझ्झ्याचा तळ खरपूस होण्यासाठी ट्रे आधीपासून ओव्हनमध्येच तापवतात तो यासाठी.

नॉबवरचा आकडा किती खरा

साध्या ओटीजीत तापमान राखण्याचे काम दोन धातूंची जोडपट्टी करते. दोन्ही धातू सारख्या उष्णतेने कमी-जास्त प्रसरण पावतात, त्यामुळे पट्टी वाकते. ठरावीक वाकली की विजेचा संपर्क तुटतो, कॉइल विझते, दिवा मालवतो. ओव्हन थोडा निवला की पट्टी सरळ होते आणि कॉइल पुन्हा पेटते. म्हणजे १८० हा आकडा सतत राखला जात नाही. तापमान त्याच्या वर-खाली झुलत असते. हा झोका दोन्ही बाजूंना सहज दहा-पंधरा अंशांचा असतो, स्वस्त ओव्हनमध्ये त्याहून मोठाही. शिवाय पट्टी ओव्हनच्या एका कोपऱ्यात असते आणि तिला कळते ते त्या कोपऱ्याचे तापमान.

पाककृती बरहुकूम करूनही केक बिघडत असेल, तर दोष बहुधा हाताचा नसून या आकड्याचा असतो. जाळीवर ठेवायचा काटेवाला ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो आणि त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही. तो नसेल तर साखरेची कसोटी लावता येते. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. कोरड्या वाटीत चमचाभर साखर पसरून, नॉब १७५ वर लावून, पूर्ण तापलेल्या ओव्हनच्या मधल्या जाळीवर वाटी १५ मिनिटे ठेवावी. साखर कोरडीच राहायला हवी. मग दुसऱ्या वाटीत नवी साखर घेऊन १९० वर तेच करावे. या वेळी ती वितळायला हवी. १७५ वरच वितळली तर ओव्हन जास्त तापतो आणि १९० वरही कोरडी राहिली तर कमी. कॉइल अगदी जवळ असलेल्या लहान ओव्हनमध्ये वाटी थेट किरणांत येते, म्हणून ती मध्यावरच ठेवण्याला महत्त्व आहे.

आधी तापवणे कशासाठी

३० लिटरच्या ओव्हनमध्ये हवा असते अवघी ३५ ग्रॅम. ती ३० अंशांवरून १८० वर न्यायला जेमतेम ५ किलोजूल पुरतात. १,५०० वॅटची कॉइल तेवढी उष्णता साडेतीन सेकंदांत देते. तरीही ओव्हन तापायला १० मिनिटे लागतात, कारण या वेळात तापतात त्या पत्र्याच्या भिंती, काचेचे दार, जाळ्या आणि ट्रे. एक किलो पत्र्यालाच १५० अंश चढवायला ७० किलोजूल लागतात.

आधी न तापवता केक आत ठेवला तर काय बिघडते, हेही यातूनच कळते. तापण्याच्या काळात कॉइल सलग लाल असते. भिंती अजून गार आणि वरची कॉइल रसरशीत, अशा स्थितीत केकच्या माथ्यावर किरणांचा मारा होतो आणि खालचे मिश्रण कोमटच राहते. बेकिंग पावडरचा वायू सुटून जातो, पण त्याला कोंडून धरणारा स्टार्च आणि अंडे वेळेवर घट्ट होत नाहीत. केक, खारी, पाव यांना म्हणून तापलेला ओव्हनच लागतो. बटाटे, रताळी, शेंगदाणे भाजायला किंवा मऊ पडलेला चिवडा कुरकुरीत करायला आधी तापवण्याची काहीच गरज नाही. तिथे ती १० मिनिटे निव्वळ वाया जातात.

दार मध्येच उघडले तर बरीच वीज जाते, ही समजूत अतिरंजित आहे. गरम हवा निघून जाते, पण ती हवाच मुळात काही ग्रॅमची. तापलेल्या भिंती आत आलेल्या हवेला लवकर ऊब देतात. नुकसान होते ते केकचे: पहिल्या २०-२५ मिनिटांत आतले फुगे अजून घट्ट झालेले नसतात, गार झोत लागला की ते आकसतात आणि केक बसतो.

भिंतींत उष्णता साठवण्याचे टोक म्हणजे बेकरीची विटांची भट्टी. तासन्‌तास लाकूड जाळून विटा तापवल्या की आग काढून घेतली तरी भट्टी तासांच्या हिशेबाने भाजत राहते: कडक आचेत पाव, उतरत्या आचेत बिस्किटे, शेवटी टोस्ट. रवा, मैदा, तूप, साखर घरून नेऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची महाराष्ट्रातली जुनी रीत याच साठवलेल्या उष्णतेवर चालत आली. या भट्ट्यांचा धूर हा मात्र शहरांपुढचा खरा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

युनिटांचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण तासभर सलग चालले की एक युनिट वीज खर्च होते. १,५०० वॅटचा ओटीजी १० मिनिटे तापवला तर पाव युनिट. पुढे ४० मिनिटे केक भाजताना कॉइल अधूनमधून विझते. ती निम्मा वेळ चालू राहिली असे धरले तर आणखी अर्धे युनिट. एकूण पाऊण युनिट. यातले केकच्या वाट्याला किती येते? किलोभर मिश्रण तापवायला आणि त्यातले शंभरेक ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला मिळून साधारण ४४० किलोजूल, म्हणजे ०.१२ युनिट पुरते. बाकीची वीज पत्रा आणि काच तापवण्यात आणि तिथून स्वयंपाकघराच्या हवेत जाते. ओटीजीच्या पातळ भिंतींत उष्णतारोधक थर नावापुरताच असतो.

यावरचा उपाय साधा आहे. ओव्हन तापलाच आहे तर एकाऐवजी दोन केक लावावेत, किंवा केक निघाल्यावर त्याच उष्णतेत नानकटाईचा ट्रे सारावा. दुसऱ्या पदार्थाला पहिल्याच्या निम्मीही वीज लागत नाही. शेवटची पाच-सात मिनिटे ओव्हन बंद करून दार मिटलेले ठेवले तरी जाड पदार्थ त्या उष्णतेत पूर्ण होतो.

बिलात मात्र आणखी एक बारकावा असतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिल्या १०० युनिटांचा दर कमी, त्यापुढच्या टप्प्यांचा चढता. महिन्याला ९० युनिटे लागणाऱ्या घरात ओव्हनच्या १० युनिटांना पहिल्या टप्प्याचा दर पडतो. जिथे पंखे, फ्रिज, टीव्ही यांनीच १०० ओलांडलेले असतात तिथे तीच १० युनिटे वरच्या दराने येतात. ओव्हनचा खर्च काढताना सरासरी दर न धरता आपल्या शेवटच्या टप्प्याचा दर धरणे योग्य.

आणि प्लगचा प्रश्न. २३० व्होल्टवर १,५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर. स्वयंपाकघरातला लहान पॉइंट ६ अँपिअरचा असतो. त्यावर ओटीजी लावणे, त्यातही एक्स्टेन्शनची वायर ओढून लावणे धोक्याचे आहे. त्याला १६ अँपिअरचा मोठा पॉइंटच हवा.

मायक्रोवेव्हचे गणित वेगळे

दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरात आली. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले पर्सी स्पेन्सर यांना १९४५ मध्ये तिच्या लहरींनी अन्न तापते हे लक्षात आले आणि १९४७ मध्ये पहिली व्यापारी भट्टी बाजारात आली. घरगुती मायक्रोवेव्हमधल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. या लहरी पाण्याच्या रेणूंना सेकंदाला अब्जावधी वेळा उलटसुलट वळवतात आणि त्या धडपडीतून उष्णता निर्माण होते. हवा, काच, चिनी माती जवळजवळ तापत नाहीत. दारातल्या जाळीची छिद्रे या लांबीच्या मानाने फारच लहान असल्याने आतले दिसते, पण लहरी बाहेर पडत नाहीत.

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो, हे खरे नाही. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढचा भाग नेहमीच्याच पद्धतीने हळूहळू तापतो. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे आत काही जागी जास्त आणि काही जागी कमी उष्णता निर्माण होते, म्हणून ताट फिरते ठेवलेले असते. गोठलेल्या पदार्थात अडचण वाढते, कारण बर्फ या लहरी फारच कमी शोषतो आणि वितळलेले पाणी भरपूर. कडा शिजू लागतात तरी मध्ये गोळा तसाच. डीफ्रॉस्टच्या वेळी यंत्र मध्ये मध्ये थांबते ते उष्णता आत पसरायला वेळ मिळावा म्हणून.

मायक्रोवेव्हमधला बटाटेवडा मऊ का पडतो, याचेही उत्तर इथेच आहे. आतल्या पाण्याची वाफ बाहेर येते, पण पेटीतली हवा गार असल्याने ती आवरणातच मुरते. ओटीजीत तोच वडा बाहेरून वाळत जातो आणि कुरकुरीत होतो.

खर्चाच्या बाबतीत दोन्ही यंत्रे उलट वागतात. ओटीजीत एक बटाटा भाजायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढ्यातच सहा बटाटे भाजतात. मायक्रोवेव्हची ऊर्जा मात्र आतल्या अन्नात वाटली जाते. एका बटाट्याला पाच मिनिटे, तर चाराला जवळजवळ चौपट. शिवाय ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह भिंतीतून सुमारे १,२०० वॅट ओढतो. कपभर दूध, वाटीभर आमटी यांसाठी तो फार किफायतशीर. आठ जणांच्या स्वयंपाकासाठी नाही. त्याचे घड्याळ दोन-तीन वॅट खात असेल तर वर्षाला १७ ते २६ युनिटे नुसती वेळ दाखवण्यात जातात, म्हणून काम झाले की बटण भिंतीतूनच बंद करावे.

गॅस, इंडक्शन आणि कुकर

१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये विजेच्या सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर तिच्यातली दोन तृतीयांश भांड्यात पोहोचते, म्हणजे १२० युनिटे. इंडक्शन शेगडी दर युनिटातला ८५ टक्क्यांच्या आसपास भाग भांड्याला देते. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला १२० ने आणि वीजदराला ०.८५ ने भागून दोन आकडे समोरासमोर ठेवले की आपल्या घरात काय स्वस्त, हे दर महिन्याला ताडता येते. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडला, तर गॅसचे कामी आलेले युनिट साडेसात रुपयांचे झाले.

ओव्हनला ज्यात हात टेकावे लागतात ते काम कुकर करतो: पदार्थातल्या पाण्यालाच १०० च्या पुढे नेणे. वातावरणाच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब चढला की पाणी १२० अंशांना उकळते. शिजण्याचा वेग साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो असे धरले, तर तुरीची डाळ उघड्या पातेल्याच्या चौथाई वेळात शिजते. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते; तिथे उघड्यावर डाळ शिजवणे आणखी वेळखाऊ. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी, कारण त्यापुढे मोठी आच आतले तापमान वाढवत नाही, फक्त वाफ वाढवते, आणि तिची किंमत सातपट आहे. उघड्या पातेल्यात खळखळ उकळणाऱ्या पाण्यालाही हाच हिशेब लागू.

आतले तापमान मोजणे

केक झाला की नाही हे सुरी खुपसून पाहण्याची रीत पुरेशी विश्वासार्ह आहे, कारण स्टार्च घट्ट झाला की सुरीला मिश्रण चिकटत नाही. मांसाहारी पदार्थांबाबत मात्र रंगावर विसंबणे बरोबर नाही. चिकन बाहेरून खरपूस आणि हाडाजवळ ६० अंशांवर असू शकते. सुईचा थर्मामीटर सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसून ७४ अंश दिसले पाहिजेत. ओव्हनमधून काढल्यावरही बाहेरच्या थरांतली उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे मोठ्या तुकड्याचे आतले तापमान आणखी काही अंश चढते.

उरलेल्या अन्नात ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. भाताबाबत विशेष काळजी हवी: त्यातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातून तगतात आणि भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना तो मध्येच एकदा खालीवर करावा, झाकण ठेवावे आणि यंत्र थांबल्यावर दोन मिनिटे तसाच राहू द्यावा, म्हणजे गार राहिलेल्या जागांपर्यंत उष्णता पोहोचते.